लांब पल्ल्याची रायफल आणि उसातला बिबट्या

बिबट्याने माणूस मारला की अहिल्यानगर जिल्ह्यात पुढचं सगळं आता ठरून गेलेलं असतं. रास्ता रोको होतो, वनविभागाच्या अधिकाऱ्यांना घेराव पडतो, पिंजरे येतात आणि गर्दीतून एकच मागणी उठते: दिसेल तिथे गोळी घाला. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याच्या तोंडी ही मागणी असेल, तर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. अलीकडे मात्र तिच्या आडून एक समजूतही शिरली आहे आणि ती तपासायला हवी. मोबाइलच्या पडद्यावर परदेशातले शिकारी हजार-हजार यार्डांवरून मोठमोठी हरणं एका गोळीत पाडताना दिसतात. तशी दुर्बिणीची मॅग्नम रायफल आणि तसा नेमबाज इथे आणला की बिबट्याचा निकाल लागेल, असं पारावर सहज बोललं जातं. माझं म्हणणं उलट आहे. त्या रायफलीचं शास्त्र जितकं नीट समजून घ्यावं, तितकं ती उसाच्या रानात का कुचकामी ठरते हे स्पष्ट होत जातं.

काडतुसाचे भाग चारच: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आग लावणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. मॅग्नम म्हणजे त्याच जाडीच्या गोळीमागे मोठी पुंगळी आणि जास्त दारू. ‘३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम’ १९१२ साली आलं. आज लांबच्या शिकारीसाठी जगभर वापरलं जाणारं ‘३०० विंचेस्टर मॅग्नम’ १९६३ सालचं. यातली १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे १२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने नळीबाहेर पडते. एवढा वेग असूनही ती सरळ रेषेत जात नाही. २०० मीटरवर नेम बरोबर लावलेली रायफल ५०० मीटरवर मीटरभराहून अधिक खाली मारते. आडवा वारा ताशी १६ किलोमीटरचा असेल, म्हणजे बाजरीची कणसं डोलतील इतपतच, तर त्याच अंतरावर गोळी सुमारे अर्धा मीटर बाजूला सरकते. ५०० मीटर कापायला तिला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरणाऱ्या जनावराने एक पाऊल टाकलं, तर काळजावर धरलेला नेम पोटात बसतो.

ही अनिश्चितता कमी करण्यासाठी परदेशातले हौशी शिकारी काडतुसं घरी भरतात. कारखान्याच्या काडतुसांत दारूचं वजन, पुंगळीची जाडी, गोळी किती खोल बसली आहे, यांत थोडाथोडा फरक राहतो. त्यामुळे एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १५ मीटरचा फरक सहज पडू शकतो. जवळच्या नेमाला त्याने काही बिघडत नाही. पण ५०० मीटरवर तो फरक सहा-सात सेंटिमीटर होतो आणि ८०० मीटरवर वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. म्हणून दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलायची. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मा. त्याचाही दहावा भाग. एकदा उडालेली पुंगळी पुन्हा मापात आणायची, तोंड सारखं कापायचं आणि नळीतले आटे जिथून सुरू होतात तिथून गोळी किती अलीकडे राहील ते मोजून बसवायची. मग वेगमापक यंत्रासमोर एकेक फैर झाडून आकडे वहीत लिहायचे. दारू थोडी जास्त झाली तर दाब सुरक्षित मर्यादेच्या बाहेर जातो, टोपी चपटी होते, पुंगळी अडकते आणि कधी रायफलच फुटते. रायफलीवरही तितकीच मेहनत असते. नळी दस्त्याला कुठे टेकत तर नाही ना, हे कागदाची पट्टी मधून सरकवून पाहतात. कारण गरम झालेली नळी जरा टेकली तरी नेम हलतो. एका वाक्यात सांगायचं तर हे सारं कसब म्हणजे प्रत्येक फैर आधीच्या फैरीसारखी निघावी म्हणून केलेला खटाटोप.

भारतात हा घरगुती छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार विनापरवाना काडतुसं बनवणं गुन्हा आहे. परवानाधारकाच्या घरात बहुधा ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल असते. ती जवळच्या अंतरासाठीच बरी. सारखेपणाचं कसब आपल्याकडे खरं जिवंत आहे ते कागदी लक्ष्यावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरांहूनही किंचित लहान असतं. पण तिथे लक्ष्य हलत नाही, अंतर ठरलेलं असतं आणि मागे भिंत असते.

लांब पल्ल्याच्या रायफलीला नेमक्या या तीन गोष्टी लागतात: मोजता येईल असं अंतर, मोकळी दृष्टिरेषा आणि लक्ष्याच्या मागे रिकामी जमीन. जिल्ह्यात त्या कुठे आहेत? एक तर के. के. रेंजवर, जिथे लष्कर तोफा डागण्याआधी अख्खा टापू रिकामा ठेवतं. दुसऱ्या, कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीसारख्या माळरानावर, जिथलं काळवीट दोन फर्लांगांवरूनही उठून दिसतं. पण १९८० पासून ते २.१७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण दिलं आहे. म्हणजे जिथे ही रायफल चालली असती, तिथे मारण्यासारखं काही नाही. जिथे मारण्याची मागणी होते, तिथे ती चालत नाही.

कारण उसात अंतरच नसतं. आठ-दहा फूट उंचीच्या फडात बिबट्या दहा-वीस पावलांवर असला तरी दिसत नाही. दिसतो तो बांध ओलांडताना, रात्री, दोन-चार क्षण. वेगवान गोळी उसाच्या कांड्यावर आपटली की वाकडी जाते किंवा फुटते. चुकलेली गोळी कुठे जाते, हा तर याहून मोठा प्रश्न आहे. मॅग्नमची गोळी चार-पाच किलोमीटरही जाऊ शकते, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात गावाबाहेर रान मोकळं पडलेलं नसतं. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, कुठेही पाहा, माणसं शेतातच वस्ती करून राहतात. तोडणीच्या हंगामात त्यात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांची भर पडते. बिबट्यावर धरलेल्या नळीच्या रेषेत कुणाचं तरी घर येणारच.

यावर रास्त आक्षेप असा, की बंदुकीने काम झालेलं आहेच. पलीकडे पुणे जिल्ह्यात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत दोन मुलं आणि एक वृद्धा बिबट्याने मारली, तेव्हा वनविभागाच्या नेमबाजांनी ४ नोव्हेंबरच्या रात्री एका बिबट्याला गोळी घातली. त्याच महिन्यात कोपरगाव तालुक्यातही नरभक्षक ठरलेला बिबट्या असाच मारला गेला. हे चूक झालं असं मी म्हणत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात त्याची तरतूद आहे: प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला असेल आणि तो पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतात. पण पिंपरखेडला काम कसं झालं ते पाहा. ठसे तपासले, कॅमेरे लावले, उष्णता टिपणारे ड्रोन फिरवले, आधी बेशुद्धीचं इंजेक्शन मारून पाहिलं. ते फसल्यावर गोळी. मोलाचं होतं ते जनावर शोधून काढणं. जुन्या काळीही वेगळं नव्हतं. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी होती, मॅग्नम नव्हे. आणि रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी १९२६ साली आंब्याच्या झाडावर बसून, खाली बांधलेल्या बोकडापाशी आला तेव्हा अगदी जवळून मारला. लांबून मारण्याच्या हौसेला खुद्द अमेरिकेतही विरोध आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच. जनावराला चाहूल लागण्याची संधीच न ठेवणारी अशी शिकार त्याला मान्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एक मारून काय होतं, संख्याच कमी करा. इथे अकोले तालुक्याचा दाखला उपयोगी पडतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शेतीच्या भागात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास मोठे बिबटे निघाले, तेही चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा मुलखात, आणि त्या काळात तिथे बिबट्याने माणूस मारल्याची नोंद नव्हती. म्हणजे बिबट्या जवळ असणं आणि त्याने माणूस मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोर आलेला बिबट्या गुन्हेगारच असेल ही खात्री म्हणूनच देता येत नाही. शेजारच्या जुन्नरमध्ये २००१ नंतर पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे सोडले गेले. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, नंतर सतरा होऊ लागले. मारणं आणि हलवणं एकच नाही, हे मान्य. पण रिकामी झालेली जागा दोन्हींत सारखीच उरते आणि ती भरायला नवखा, माणसांचा अंदाज नसलेला तरुण बिबट्या येतो. बिबट्या किती चालतो हे पाहायचं तर पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ साली काढलेला ‘आजोबा’ आठवावा. माळशेज घाटात सोडल्यावर तो गळ्यात पट्टा घेऊन सव्वाशेच्या आसपास किलोमीटर तोडत मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलापर्यंत पोहोचला.

या बिबट्यांना उसात धरून काय ठेवतं, तेही अकोल्याच्या अभ्यासात आहे. त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही शेळ्यांचा वाटा त्याहून बराच कमी निघाला, कारण शेळी रात्री बहुधा कोंडलेली असते आणि कुत्रं मोकाट. उकिरडे, कोंबड्यांच्या शेडबाहेर फेकलेला कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री हा बिबट्याचा शिधा आहे. माणूस त्याच्या वाटेत येतो तो बऱ्याचदा रात्री, कारण पंपाची वीज रात्री येते आणि बारं धरायला अंधारात जावं लागतं. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली आणि तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. ज्या फीडरवर अजून रात्रीचीच पाळी आहे, तिथल्या शेतकऱ्याने रास्ता रोकोत पहिली मागणी दिवसाच्या आठ तासांच्या विजेची करावी आणि गोळीच्या परवानगीची दुसरी. दोन्ही कागद वेगवेगळ्या टेबलांवर जातात, पण दिवसा वीज देणाऱ्या कागदासाठी कुणी मेलेलं असण्याची अट नाही.