महाराष्ट्राचं ‘महाराषटर’ कसं होतं?

मराठी नावांची सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडावी आणि नावांच्या जागी रोमन अक्षरांची गिचमिड दिसावी, हा अनुभव नवा नाही. मग कुणीतरी पायथनच्या दोन ओळी लिहून ती ‘कन्व्हर्ट’ करायला जातं आणि होतं ते मराठीही गमावून बसतं. यामागे बहुधा पुढचेच काही गैरसमज असतात.

गैरसमज १: गिचमिड दिसली म्हणजे फाईल बिघडली.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा फाईल ठणठणीत असते, वाचणारा प्रोग्रॅम चुकलेला असतो. फाईलमध्ये साठवलेले असतात ते ० ते २५५ या दरम्यानचे आकडे, म्हणजेच बाइट्स. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक आहे २३५०. यूटीएफ-८ तो २२४, १६४, १७४ अशा तीन बाइट्समध्ये लिहितं. पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेलं विंडोज-१२५२ मात्र दर बाइटला एक चिन्ह मानतं. त्याच्या लेखी २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचं गोल चिन्ह आणि १७४ म्हणजे वर्तुळातला ‘आर’. अशी एका ‘म’ची तीन चिन्हं होतात. तीच फाईल यूटीएफ-८ सांगून पुन्हा उघडली की मराठी जागच्या जागी असते. पथ्य एकच: गिचमिड समोर असताना ‘सेव्ह’ दाबू नये.

गैरसमज २: एन्कोडिंग कोणतं ते लायब्ररी आपोआप ओळखते.

वस्तुस्थिती: साध्या मजकुराच्या फाईलवर एन्कोडिंगचं नाव सहसा कुठेच नोंदलेलं नसतं. ओळखणारी लायब्ररी अंदाज बांधते, आणि मजकूर जितका तोकडा तितका अंदाज कच्चा. विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये ‘बुश हिड द फॅक्ट्स’ एवढंच वाक्य इंग्रजीत लिहून, साठवून पुन्हा उघडलं की चिनी चिन्हं नाहीतर चौकोन दिसायचे. नोटपॅड त्या अठरा बाइट्सना यूटीएफ-१६ समजून दोन-दोनच्या जोड्या लावायचं.

एरर आली नाही म्हणून अंदाज बरोबर, असंही नाही. लॅटिन-१ म्हणून वाचताना पायथन २५६ पैकी प्रत्येक बाइटला काही ना काही चिन्ह देतं, म्हणून कोणतीही फाईल त्या नावाने बिनतक्रार उघडते. यूटीएफ-८ ची बाइट-रचना शिस्तीची. ती मोडलेली दिसली की डिकोडर अडतो. म्हणून आधी यूटीएफ-८ लावून पाहावं, लॅटिन-१ अगदी शेवटी.

गैरसमज ३: एरर आली तर ‘इग्नोअर’ लावावं, काम होतं.

वस्तुस्थिती: यूटीएफ-८ मधला मजकूर पायथनमध्ये चुकून विंडोज-१२५२ म्हणून डिकोड केला, तर ‘मराठी’ हा शब्द विनासायास पार पडतो आणि ‘महाराष्ट्र’ अडतो. दोष ‘ष्ट्र’मधल्या दोन हलन्तांचा. हलन्ताचा तिसरा बाइट १४१, आणि विंडोज-१२५२ मध्ये १४१ ची जागा रिकामी आहे. ‘इग्नोअर’ दिलं की तो बाइट गळतो. पुढे चूक ध्यानात येऊन मजकूर उलट फिरवला, तर हलन्ताचे उरलेले दोन बाइट्स अर्थहीन ठरतात. तिथेही ‘इग्नोअर’ दिलं की हाती येतं ‘महाराषटर’. यादीतली सगळी जोडाक्षरं अशीच सुटतात, आणि कुणाला कळतही नाही. ‘रिप्लेस’ निदान गळतीच्या जागी प्रश्नचिन्ह तरी ठेवतं; पण गेलेला बाइट त्यानेही परत येत नाही.

गैरसमज ४: श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला जुना मजकूरही लायब्ररीच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये येतो.

वस्तुस्थिती: अशा जुन्या फॉन्टच्या फाईलमध्ये देवनागरी नसतेच. साठवलेले असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. लायब्ररीला त्यात काही वावगं दिसत नाही. इथे त्या-त्या फॉन्टचा स्वतंत्र तक्ता लागतो, शिवाय क्रमही बदलावा लागतो. ‘कि’ लिहिताना या फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवतात. युनिकोडमध्ये ‘क’ आधी. ‘वर्ष’मधला रफार तिथे ‘ष’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘ष’च्या आधी ‘र’ आणि हलन्त. नुसती अदलाबदल करणारे कन्व्हर्टर नेमके वेलांटीवर आणि रफारावर आपटतात.

गैरसमज ५: ‘यूटीएफ-८’ असं नाव दिसलं की सगळी अक्षरं मावतात.

वस्तुस्थिती: मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाखाली वर्षानुवर्षं अक्षरामागे जास्तीत जास्त तीनच बाइट्सची सोय होती. देवनागरी तीन बाइट्सची, म्हणून मराठीचं अडलं नाही. पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीला चार बाइट्स लागतात. मोडी किंवा इमोजी साठवायचे तर तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावं लागतं.

मजकूर प्रोग्रॅममध्ये येताना एकदा डिकोड करावा, बाहेर जाताना एकदा एन्कोड करावा, आणि दोन्ही ठिकाणी एन्कोडिंगचं नाव स्वतः लिहावं. मूळ फाईलची प्रत न छेडता बाजूला ठेवावी. फाईल पाठवणाऱ्यालाही ‘कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे?’ एवढं विचारून घ्यावं. अंदाज बांधणाऱ्या कोणत्याही लायब्ररीपेक्षा त्याचं उत्तर भरवशाचं.