हालचालींचा मेळ आणि मुलांचा दम

हालचालींचा मेळ न बसणारी मुले लवकर धापा टाकतात, पण त्याचे मूळ बहुधा हृदयात किंवा फुफ्फुसांत नसते. डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे हातपाय वेळेवर हलवणे त्यांना जमत नाही. या अवस्थेला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, थोडक्यात डीसीडी, म्हणतात. शाळकरी वयातल्या सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत ती आढळते. बुद्धीशी तिचा संबंध नाही. अडते ते शर्टाची बटणे, बुटाची नाडी, लंगडी आणि झेल यांपाशी.

कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉल चालतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असे तालमींच्या नावांचे संघ मैदानात उतरतात आणि गल्लीतली पोरे त्यांचेच अनुकरण करतात. धावता चेंडू हेरत, गर्दीत दिशा बदलत पाय टाकणे हेच डीसीडी असलेल्या मुलांना सर्वांत जड जाते. चारदा हसे झाले की मूल कडेला उभे राहते. खेळ सुटला की दम आणि ताकद घटते, वजन वाढू लागते आणि पुढचा प्रयत्न आणखी अवघड होतो. अशा मुलाला पीटीच्या तासातून सूट देणे सर्वांच्याच सोयीचे असते. नुकसान मात्र त्याचे एकट्याचे.

मोजमापातही फसगत होते. दम तपासण्याच्या २० मीटर शटल रनमध्ये आवाजाच्या ठेक्यावर धावायचे, थांबायचे, वळायचे असते. मूल दमून थांबले की वळताना अडखळून, हे आकड्यातून कळत नाही. जागच्या जागी चालवायची सायकल किंवा सहा मिनिटांची चाल यांत कौशल्याची भेसळ कमी असते. हाताची सफाई, नेम-झेल आणि तोल यांसाठी मुव्हमेंट एबीसीसारखी वेगळी चाचणी आहे.

व्यायामातही हीच फारकत ठेवावी. दम वाढवायला रंकाळा तलावाकाठची झपझप चाल पुरते. तिच्यात शिकण्यासारखे काही नाही, हाच तिचा गुण. ताकदीसाठी तालमीतल्या जोर-बैठका सोयीच्या: चेंडू नाही, प्रतिस्पर्धी नाही, गती आपली आपण ठरवायची आणि संख्या हळूहळू चढवायची. मात्र जोराची पूर्ण चाल अनेक टप्प्यांची असते, म्हणून आधी हात भिंतीवर, मग पायरीवर, शेवटी जमिनीवर टेकवावेत. बैठका सुरुवातीला खिडकीचा गज धरून घ्याव्यात.

कौशल्य मात्र एका वेळी एकच आणि मुलानेच निवडलेले असावे. सायकल हवी असेल तर पॅडल काढून, सीट खाली घेऊन, आधी पायांनी रेटत तोल शिकवतात. पॅडल नंतर बसवतात. दरवेळी चूक दाखवण्याऐवजी ‘कुठे अडलं? आता काय बदलशील?’ असे विचारले तर मूल स्वतः उपाय शोधू लागते. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण नुसत्या तोलाच्या कसरतींपेक्षा ती अधिक उपयोगी ठरते.

आधी येणाऱ्या हालचाली विसरत चालल्या असतील, एकच बाजू लुळी वाटत असेल किंवा मूल अलीकडेच वारंवार पडू लागले असेल, तर ते डीसीडी समजू नये. व्यायामाआधी मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.