ओंबळेंच्या हातात काठीच होती

पोलिसांना हत्यार शिकवण्यात माझी नोकरी गेली. सरावाला येणारा जवान बहुतेकदा दमलेला असतो. रात्रभर बंदोबस्त, सकाळी चांदमारी. राऊंड संपवून कधी एकदा घरी जातो, असं त्याला झालेलं असतं. दटावून उपयोग नसतो. मी त्याला जावळी तालुक्यातल्या केडंब्याची गोष्ट सांगायचो.

मूळचे तिथले, मुंबई पोलिसांतले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते. समोर मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहशतवादी कसाबची एके-४७. त्यांनी तिची नळीच धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. २००९ मध्ये ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे धाडस कुणी शिकवू शकत नाही. जिवंत परतायचं कसं, ते मात्र शिकवता येतं.

त्यासाठी मी जवानाला आधी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो आणि धाप लागलेली असतानाच मॅगझिन बदलायला सांगायचो. बोटं थरथरतात, मॅगझिन खाचेत बसत नाही. मग सराव कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही. आडोसा घेणं, गोळी लागल्यावर स्वतःचं रक्त दाबून थांबवणं, हेही तितकंच घोटून घ्यायला हवं.

तासगावजवळच्या तुरचीच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींचा हात पुढेही चालता राहिला पाहिजे. त्यासाठी अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सरावाच्या आदल्या रात्री जवानाला बंदोबस्त देऊ नका.