मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधील हवेची गळती : कारणे, परीक्षण व दुरुस्ती

प्रस्तावना :
१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तथापि जालना, चिखली, सिंदखेड राजा या मार्गांनी देऊळगाव राजा येथे ये-जा करणारे प्राध्यापक, शेतकरी व विद्यार्थी आजही त्यापूर्वीच्या गाड्या वापरतात. त्यांच्या दृष्टीने प्रस्तुत विषय कालबाह्य झालेला नाही.

विषय विवेचन :
पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील जोडातून हवा शिरल्यास ती या हिशेबाबाहेर राहते व मिश्रण विरळ होते. थ्रॉटल बंद असताना तेथील शोषण सर्वाधिक असल्याने दोष प्रथम आयडलिंगमध्ये जाणवतो. रेस आपोआप चढते, ॲक्सिलरेटर सोडल्यावरही लवकर उतरत नाही, प्लगचे टोक पांढरे पडते. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुधा रेसचा स्क्रू सैल केला जातो. त्यामुळे लक्षण झाकले जाते, दोष तसाच राहतो. इंजिन तापून पुढे पिस्टन व व्हॉल्व्ह यांची हानी संभवते. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये प्राणवायूचा अंश असल्याने जुन्या गाडीत मिश्रण मुळातच काहीसे विरळ होते. त्यात लहानशी गळतीही भोवते.

परीक्षणासाठी इंजिन चालू ठेवून जोडांवर साबणाचे पाणी थोडे थोडे सोडावे. आवाज बदलला तर गळती तेथेच आहे असे समजावे. पेट्रोल शिंपडून पाहण्याची पद्धत प्रचलित आहे. परंतु तापलेल्या सायलेन्सरजवळ ती जिवावर बेतू शकते, म्हणून ती सर्वथा वर्ज्य मानावी.

कडक झालेली ओ-रिंग व चिरलेले रबरी मॅनिफोल्ड ही कारणे सहज दिसतात. बोल्ट अति आवळल्याने वाकलेला फ्लँज मात्र दुर्लक्षित राहतो आणि नवी ओ-रिंग टाकूनही गळती थांबत नाही. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासावा, स्वच्छ धुवावा, नवी ओ-रिंग बसवावी व दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. साधे सिलिकॉन लावू नये; पेट्रोलने ते फुगते आणि त्याचे तुकडे इंजिनात जाऊ शकतात. थ्रॉटलचा दांडा किंवा स्लाइडच झिजली असल्यास पॅकिंग बदलून उपयोग नाही, कार्ब्युरेटर बदलणेच इष्ट ठरते.