सीव्हीतली व्याख्याने : कोणती, कुठे, कशी

अध्यापकपदासाठी अर्ज करणाऱ्यांच्या सीव्हीत ‘परिषदा व चर्चासत्रे’ या एका मथळ्याखाली बहुधा सगळेच कोंबलेले असते : वाचलेला निबंध, लावलेले पोस्टर, दिलेले व्याख्यान आणि नुसती लावलेली हजेरीसुद्धा. वाचणाऱ्याला मात्र तिथे तुम्ही काय केलेत, एवढेच हवे असते.

म्हणून आधी वेगळे काढा. आयोजकांनी बोलावून घेतले असेल, तर ते आमंत्रित व्याख्यान. तुम्ही गोषवारा पाठवला आणि तो निवडला गेला, तर ते निबंधवाचन. पोस्टर स्वतंत्र लिहा. नुसत्या उपस्थितीची जागा या यादीत नाहीच. प्रमाणपत्र कितीही देखणे असो.

आता एक नोंद पाहू. समजा, ‘कोयना खोऱ्यातील देवराया’ या विषयावर तुम्ही साताऱ्यात निबंध वाचलात. आधी सादरकर्त्यांची नावे, छापलेल्या क्रमानेच. प्रत्यक्ष बोलणाऱ्याचे नाव अधोरेखित. मग अवतरणचिन्हांत शीर्षक, परिषदेचे पूर्ण नाव, आयोजक संस्था, गाव, तारीख. ऑनलाइन असेल तर तसे लिहा. सहलेखक बोलला आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर अधोरेखा त्याच्या नावाखाली. इथे हात आखडू नये; मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका त्याच निबंधावर येऊ शकतो.

क्रम ताज्यापासून मागे. तेच व्याख्यान चार ठिकाणी दिले असेल, तर शीर्षक एकदा लिहून खाली ठिकाणे व तारखा द्याव्यात. व्हायचे आहे ते ‘नियोजित’ म्हणून, तेही स्वीकृतीपत्र हातात असेल तरच.

गुणांचा हिशेबही याच नोंदींवर चालतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतल्या तक्त्यात परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 7, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 5, राष्ट्रीयला 3 आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीला 2 गुण ठेवले आहेत. वाचलेला निबंध परिषदेच्या ग्रंथात पूर्ण छापला गेला, तरी तो मोजायचा एकदाच. शिवाय व्याख्याने व निबंधवाचने आणि धोरण-दस्तऐवज यांचे गुण मिळून एकूण संशोधनगुणांच्या 30 टक्क्यांपलीकडे जात नाहीत. भाराभर परिषदा गाठत फिरणाऱ्या तरुण संशोधकांनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा. तो वेळ एका चांगल्या शोधनिबंधाला दिलेला बरा.

पातळी ठरवताना बॅनरवरच्या ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दावर विसंबू नका. वक्ते कुठले होते, हे दाखवणारी कार्यक्रमपत्रिका प्रमाणपत्राला जोडून ठेवा, आणि दोन्हींवर सीव्हीतल्या नोंदीचाच क्रमांक टाका.