थोरल्याची मांडी

पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरी जाते. दुसऱ्या वेळी थोरल्याची शाळा तिला बहुधा सासरीच थांबवते. बडोद्याच्या पश्चिमेस गोत्रीसारख्या वाढत्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे विशेष जाणवते, कारण माहेर पुण्यास वा नागपुरास आणि थोरले अवघे तीन वर्षांचे! २०११ मध्ये गोत्रीस वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, रुग्णालय हाकेच्या अंतरावर आले. पण आई तेथे असताना रात्री थोरल्याला कुशीत कोणी घ्यावे?

याची तयारी सातव्या महिन्यापासूनच करावी. डोहाळजेवणाला आपण ओटी भरतो, गुजराती शेजारीण खोळो भरते. त्या दिवशी थोरल्यालाही आईशेजारी बसवावे. न्हाऊ घालणे, भरवणे, निजवणे ही कामे वडिलांनी वा आजीने आधीच हाती घ्यावीत. बाळ आल्यावर ती एकाएकी बदलली, तर बाळाने आई हिरावून घेतली असे मुलास वाटते. नव्या शाळेत घालणेही याच सुमारास टाळावे. ‘तू आता मोठा झालास’ हे वाक्य जपून वापरावे. तीन वर्षांच्या मुलाला अजून मांडी हवीच असते. नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा, गुजरातेत फोईचा. पाळण्याची दोरी मात्र प्रथम थोरल्याच्या हाती द्यावी.