दुपारीच तापवा पहाटेचं पाणी

शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांवर न्यायला साडेतीन युनिट उष्णता लागते. गीझरची कॉइल ती सगळी विजेतून निर्माण करते, म्हणून मीटरवर निदान तेवढी युनिटं पडतातच. हीट पंप ही उष्णता बाहेरच्या हवेतून उचलतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर फिरवायला. त्यामुळे तेच पाणी साधारण सव्वा युनिटात तापतं.

वीस अंशांच्या हवेतली उष्णता पन्नास अंशांच्या पाण्यात जाते कशी? नळ्यांमधलं शीतक हवेपेक्षाही गार असतं. हवेतली उष्णता मिळताच त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यामुळे ती चांगलीच तापते आणि टाकीभोवतीच्या वेटोळ्यातून जाताना पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. पुढच्या झडपेत दाब उतरला की शीतक परत गार. घरातला फ्रिजही याच तत्त्वावर चालतो.

चालू हीट पंपाच्या पंख्यापुढे हात धरला तर गार हवा लागते. जुलैत कोकणात किंवा गोव्यात त्याच्या निचऱ्याच्या नळीतून पाणी ठिबकत राहतं. ही गळती नव्हे. दमट हवेतली वाफ थंड नळ्यांवर जमते आणि जमताना आपली उष्णता शीतकाला देऊन जाते. ढगाळ दिवसांत सोलर हीटर कोमट पाण्यावर थांबतो, तेच दिवस हीट पंपाला मानवतात.

गच्चीवर वीज देणारी पॅनेल असतील तर आणखी उत्तम. पॅनेल उन्हातला सुमारे पाचवा हिस्सा विजेत उतरवतं, हीट पंप त्या विजेच्या जवळपास तिप्पट उष्णता आणतो, म्हणजे हिशेब चांगल्या सोलर हीटरच्या तोडीचा होतो. शिवाय मे महिन्यात गरम पाणी नको असतं, तेव्हा तीच वीज पंख्यांना मिळते. चालू स्थितीतला सोलर हीटर मात्र मोडीत काढू नये. त्याच्या जोडीच्या कॉइलऐवजी हीट पंप लावता येतो.

खरी मेख वेळेत आहे. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे हवा दहा-बारा अंशांवर असते, दुपारी तीसच्या आसपास. हवा आणि पाणी यांच्या तापमानातलं अंतर जितकं कमी, तितकी वीज कमी लागते. आणि पॅनेलही दुपारीच जोरात असतात. म्हणून टायमर बारा ते तीनचा लावावा. घरगुती हीट पंपाला बहुधा एक किलोवॉटही लागत नाही, त्यामुळे लहान पॅनेलवरही तो चालतो.

किंमत गीझरच्या कितीतरी पट आहे, जागा मोकळ्या हवेची लागते. टाकी मात्र जाड आवरणाची घ्यावी आणि टाकीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपलाही वेष्टण घालावं, नाहीतर कमावलेली उष्णता रात्रभरात उडून जाईल.